दस्तगीर गादीवाल्यास, सात सेकंदांबद्दल

दस्तगीर, तुला माती देऊन परतताना तासगावच्या रस्त्यावर लोक तुझ्याबद्दल पुष्कळ चांगलं बोलत होते. मनमिळाऊ होता, हाताला कसब होतं, कुणाला कधी नाही म्हणाला नाही. मी मागून चालत ऐकत होतो. सगळं खरं होतं, पण एक मुद्दा राहिला. तो राहू नये म्हणून इथे लिहितो. तू आकडा सांगताना लबाडी करायचास.

आपला खेळ बाहेरच्या माणसाला सांगितला तर तो आपल्याला वेड्यात काढेल. आमच्या मलकापुरात, कराडच्या शेजारी, जमीन अधूनमधून हलते. कोयनेकडून धक्का येतो, फळीवरचे डबे खडखडतात, माणसं एकमेकांकडे बघतात आणि हातातला चहा पुढे पितात. पाच मिनिटांत तासगावहून तुझा फोन. "गड्या, किती?"

मी भिंतीवरच्या घड्याळात सेकंद मोजून ठेवलेले असायचे. मी आधी सेकंद सांगायचो, मग त्यांवरून आणि डब्यांच्या आवाजावरून अंदाज, समज तीन पॉइंट दोन रिश्टर. मग तू म्हणणार, "मी तीन पॉइंट तीन म्हंतो." आधी माझा आकडा काढून घ्यायचा आणि त्यावर एक चढवायचा, हे तुझं तंत्र. तासगावात पुष्कळदा धक्का जाणवतही नसे. तरी खरा आकडा जाहीर झाला की निम्म्या वेळा तू जिंकायचास. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचं दहा मिनिटं ऐकून घ्यायचं, एवढीच पैज. तू जिंकलास की फोमच्या गाद्यांनी माणसाची पाठ कशी वाया जाते यावर मला दहाची वीस मिनिटं ऐकावी लागत. माझ्या वहीत चौतीस धक्के आहेत. सतरा तुझे, सतरा माझे. बरोबरीत सोडून गेलास, हीसुद्धा लबाडीच.

पस्तिसावा धक्का वहीत नाही. तो मी लिहिला नाही, आणि तूही कधी लिही म्हणाला नाहीस. त्याच्याबद्दल पुढे लिहितो.

हा खेळ आपल्याला कुठून सुचला, याबद्दल आपण कधी बोललो नाही. मला वाटतं तो त्या ट्रकमधून आला. गुजरातेत मोठा भूकंप झाला तेव्हा आपण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे होतो. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नुकता लागलो होतो. हा यादी नीट लिहितो, म्हणून मला मदतीच्या ट्रकबरोबर धाडलं. तू वडिलांच्या दुकानात गाद्या भरायचास. साठ गाद्या तुमच्या दुकानातून निघाल्या, म्हणून तूही निघालास. तासगावाने घरात होतं ते मनापासून दिलं, आणि तासगावाच्या घरात बेदाणे असतात. ट्रकमध्ये बेदाण्यांची पोती आणि गाद्या एकत्र भरल्या. यात काही चूक आहे, हे दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. मी तर प्रत्येक पोत्याचं वजन लिहून घेतलं होतं. वाटेत पोती फाटली, बेदाणे चिरडले आणि गाद्यांच्या खोळींना चिकटले. पोचलो तेव्हा साठच्या साठ गाद्या गोड झाल्या होत्या.

त्या शहराचं रूप मी सांगणार नाही. तूही कधी सांगितलं नाहीस. दवाखान्याच्या इमारतीला तडे गेले होते, म्हणून रुग्ण एका मैदानावर तंबूत होते. जमीन मधूनच हलायची, त्यामुळे धड उभ्या असलेल्या घरातही कुणी जायला तयार नव्हतं. आपल्याकडे ज्या तंबूचं काम आलं, त्यात पाठीचा कणा मोडलेली एकतीस माणसं होती. जमिनीवर चादर, चादरीवर माणूस. आपण त्यांच्याखाली तासगावच्या गाद्या घातल्या, आणि तासाभरात मुंग्या आल्या.

हंसाबेनचं बोलणं तू शेवटपर्यंत तिच्या आवाजात करून दाखवायचास. शिवणकाम करणारी, पंचेचाळिशीची बाई, कमरेखाली संवेदना गेलेली. मुंग्या तिला चावत होत्या ते तिला कळत नव्हतं, नुसतं दिसत होतं. ती म्हणाली, "भाई, तुम्हारे गद्दे में रुई कम, किसमिस ज्यादा है." ती हसली म्हणून आपण हसलो. मग तू बाहेर जाऊन तोंड धुऊन आलास.

निघताना तू वडिलांची धनुकली बरोबर घेतली होतीस, कापूस पिंजायची. भूकंपाला धनुकली कशाला, म्हणून मी ट्रकमध्ये चढताना तुझी चेष्टा केली होती. त्या दिवशी तू एकतीस गाद्या उसवल्यास, खोळी धुवायला टाकल्यास आणि मैदानाच्या कडेला बसून सगळा कापूस नव्याने पिंजलास. तो टणत्कार ऐकून आजूबाजूच्या तंबूंतली धडधाकट माणसं बाहेर आली. आठ दिवसांत ती पहिल्यांदा कशाकडे तरी बघायला म्हणून उठली होती. दुसऱ्या दिवसापासून लोक पडलेल्या घरांतून स्वतःच्या गाद्या ओढून आणू लागले. त्यांच्यात चुना, सिमेंट, विटांचा चुरा. तू त्याही पिंजल्यास. पांढऱ्या धुळीत तुझा चेहरा दिसत नव्हता. मी म्हणालो, तोंडाला फडकं बांध. तू म्हणालास, "फडकं बांदलं तर गानं म्हनता येत न्हाई." गाणंही असं काही फार चांगलं नव्हतं.

भूकंपात माणसं कशाने मरतात ते मला तिथे कळलं, आणि ते छप्पर पडून मरण्यापुरतं नसतं. पहिल्या दिवसांत डॉक्टरांनी मोडलेले हातपाय बघितले. ते थोडे होते आणि त्यांना पुढच्या गावांनाही जायचं होतं. पाठीवर पडून राहिलेल्यांना माकडहाडावर आणि टाचांवर जखमा पडू लागल्या. एका थकलेल्या नर्सने आपल्याला शिकवलं, दर दोन तासांनी कूस बदला. मी तक्ता केला आणि वेळ झाली की स्टीलचं ताट वाजवायचो. तू गादी तीन तुकड्यांत कापलीस, म्हणजे टाचा मोकळ्या राहतील आणि एक तुकडा उन्हात टाकून त्याच्या जागी दुसरा सरकवता येईल. बायका पाणी पीत नव्हत्या, कारण संडास लांब होता आणि उघडा होता. हे माझ्या लक्षात आलं नाही, तुझ्या आलं. तू हंसाबेनच्या भावजयीला सरळ विचारलंस, दिवसाला किती पेले. तिने दोन बोटं दाखवली. चार खोळी उसवून तू आडोसा बांधलास. मी वहीत पाण्याचा कप्पा पाडला होता, त्यातला आकडा दोन दिवसांत दुप्पट झाला. आयुष्यात मी पुष्कळ आकडे लिहिले, पण त्या आकड्याइतका आनंद दुसऱ्या कशाने झाला नाही.

मग आपल्या तंबूतला एक हमाल गेला. भूकंप होऊन तेरा दिवस झाले होते. पाठीच्या जखमेतून ताप चढला आणि उतरला नाही. माझ्या वहीत गेलेल्यांचा कप्पा होता आणि जखमींचा कप्पा होता. गेलेल्यांच्या खाली मी बेरीज करून रेघ मारली होती. तू खांद्यावरून वाकून बघितलंस.

"ह्यो कशात लिवनार?"

"तो कप्पा बंद झालाय. बेरीज झाली."

"मग बेरीज खोड की."

मी खोडली. तेव्हापासून मी बेरीज पेन्सिलीने करतो. वजनकाट्यावरची नवी पोरं हसतात, हसू देत.

आपण निघालो तेव्हा हंसाबेन जिवंत होती आणि तिच्या पाठीला जखम नव्हती. पुढे तिची तुला दोन पत्रं आली. तिसरं आलं नाही. तिचं काय झालं ते मला माहीत नाही, तुलाही नव्हतं, आणि माहीत नसताना काही लिहिणं मला जमत नाही.

मोठा भूकंप बघून आल्यामुळे छोट्या धक्क्यांना हसण्याचा आपल्याला हक्क आहे, असं आपण धरून चाललो असावं. आता पस्तिसाव्याबद्दल.

गेल्या दिवाळीच्या आधीची रविवारची दुपार. मी आणि सुनंदा घरी होतो. डबे खडखडले, नेहमीपेक्षा जोरात. सुनंदा उठली, "आवं, चला खाली," म्हणाली आणि दाराबाहेर पडली. दुसरा मजला, अडतीस पायऱ्या. मी निघालो नाही. मी दिवाणखान्यात उभा राहून घड्याळाचा काटा बघत होतो, कारण तुझा फोन येणार होता. ती वळणावर थांबली, मी येतोय का ते बघायला मागे वळली आणि तिचा पाय चुकला. नऊ पायऱ्या. इमारतीला साधी चीरसुद्धा गेली नाही. कमरेच्या वरचा मणका दबला, पायांतला जोर गेला. डॉक्टर म्हणाले, जोर परत येईल, पण तीन महिने पाठ जमिनीला समांतर.

मी सगळ्यांना सांगितलं की मी तिच्या मागेच होतो, दोन पायऱ्या वर. तिलाही हेच सांगितलं. दवाखान्याच्या दारात तुझा फोन आला.

"गड्या, धक्का लय मोठा व्हता म्हनं. किती?"

"सात सेकंद," मी म्हणालो. तोंडाला सवय. मग सुनंदा पडल्याचं सांगितलं, मी मागेच होतो तेही सांगितलं.

तू विचारलंस, "मागं व्हतास?"

"दोन पायऱ्या."

"मग घड्याळ कुनी बघितलं?"

एवढी वर्षं मी तुझ्या लबाड्या पकडल्या. तू माझी एकच पकडलीस, आणि तीही माझ्याच आकड्यावरून. तू ओरडला नाहीस. म्हणालास, "निम्मी चूक माझी धर. खेळ दोगांचा हाय." आणि त्या आठवड्यापासून दर बुधवारी तू तासगावहून एसटीने कराडला यायला लागलास, खांद्यावर गादीचा एक तुकडा गुंडाळून. कंडक्टरने विचारलं होतं म्हणे, हा पॅसेंजर झोपलाय का मेलाय.

ते तीन महिने आमच्या घरात एवढं हसू होतं की खालच्या मजल्यावरच्यांना नवल वाटायचं. मी डॉक्टरांना विचारून हवा भरायची गादी आणली होती, पंपाची. तिचा सारखा घुं घुं आवाज. सुनंदा म्हणाली, "माझ्याखाली भुंगा लपलाय." तू गादी दाबून बघितलीस. "वैनी, ही गादी न्हाई, ट्यूब हाय. पंक्चर झाली तर सायकलवाला बोलवा." त्याच दुपारी वीज गेली, पंप बंद पडला आणि गादी बसली. तू नुसता खिडकीबाहेर बघत उभा राहिलास, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मी तक्ता केला होता. वेळ, कूस, टाचेचा रंग, पाण्याचे पेले. तू तो भिंतीवर बघून म्हणालास, "पाठीला वही वाचता येत न्हाई रं." पण दोन वाजले की तूच आधी ओरडायचास, "वैनी, डावी कूस." तू, मी आणि शेजारच्या काकू मिळून तिला ओंडक्यासारखं सरळ वळवायचो आणि ती वळता वळता तुझ्याकडून तुझ्या बायकोबद्दलच्या, जैतुनबीबद्दलच्या, तक्रारी काढून घ्यायची. तुझ्या गादीचे तीन तुकडे आणि वर चौथा गच्चीवर उन्हात. त्या चौथ्यासाठी मी तुला जिन्यातून वर-खाली करताना बघायचो. तू दर मजल्यावर थांबायचास आणि कठड्याला धरून खोकायचास. मी म्हणायचो, दाखव कुणाला तरी. तू म्हणायचास, "कापूसवाल्याचा खोकला म्हंजे दुकानाची पाटी."

चौऱ्याण्णव दिवस, पाठीला एकही जखम नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि खूश झाले. तू म्हणालास, हे कापसाचं काम. मी म्हणालो, तक्त्याचं. डॉक्टर म्हणाले, गादी कुठलीही चालली असती, कूस वेळेवर बदलली म्हणून. सुनंदा म्हणाली, "आन माझ्या पाठीचं कायच न्हाई व्हय यात?" फोम की कापूस हा वाद डॉक्टरांनी असा अर्धाच सोडवला. तू असतास तर अजून चालला असता.

ती बसली, उभी राहिली, काठीने स्वयंपाकघरापर्यंत गेली, मग काठीशिवाय. पण दाराबाहेर पडेना. पायांत जोर होता, व्यायाम शिकवणारी बाईही म्हणाली की जिना जमायला हरकत नाही. ती उंबऱ्यापर्यंत यायची, पहिल्या पायरीकडे बघायची आणि परत फिरायची. तपासणीला दोनदा नेलं तर खुर्चीत बसवून, आणि तिने अडतीस पायऱ्या डोळे मिटून घेतले होते. पाच महिने असे गेले. तिने वडूजला माहेरी जाणं सोडलं, भाजीला जाणं सोडलं. मी समजावलं, रागावलो, पायऱ्यांची उंची मोजून दाखवली.

तिने कारण मला सांगितलं नाही, तुला सांगितलं, माझ्यादेखत. तुझ्या पुढ्यात चहा होता.

"भावजी, मी मागं वळले तवा जिना रिकामा दिसला हुता मला. कुनीच नव्हतं. ह्ये म्हनत्यात, मागंच हुतो. म्हंजे असलेला मानूस माझ्या डोळ्याला दिसला न्हाई. मग पायरी असली तर ती तरी दिसंल काय?"

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. बशीतला चहा संपवलास, उठलास. मी तुला स्टँडवर सोडायला आलो. वाटेत तू एवढंच म्हणालास, "तिचं पाय बरं झालं. डोळं तू मोडलंस. सांग तिला."

"पुढच्या बुधवारी सांगतो."

"तू न्हाई सांगितलंस तर मी सांगीन."

"सांगशील?"

एसटी लागलेली होती. तू चढलास आणि खिडकीतून म्हणालास, "न्हाई. निम्मी माझी हाय ना. माझी जीब उचलत न्हाई."

त्यानंतर अकरा बुधवार गेले. मी मोजले आहेत. प्रत्येक वेळी तू दारातून आत येताना भुवया वर करायचास आणि मी मान हलवायचो. शेवटच्या तीन बुधवारी तू आला नाहीस. सांगलीला दवाखान्यात होतास.

तुझ्या छातीबद्दल मी खूप हिशेब केला, रे. चाळीस वर्षं कापसाची धूळ, त्यात अठरा दिवस ढिगाऱ्याची. आकड्याने बघितलं तर अठरा दिवस काहीच नाहीत, आणि डॉक्टरांनाही मी विचारलं तेव्हा ते असंच म्हणाले. पण ज्यांच्या गाद्या तू तिथे पिंजल्यास त्या लोकांच्याही छातीत तीच धूळ गेली होती आणि त्यांचाही कप्पा कुणी पाडला नव्हता. मी काही सिद्ध करत नाही. फडकं मात्र मी बांधायला लावायला हवं होतं, भांडून. सांगलीला तुला भेटलो तेव्हा तुझ्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. तू तो बोटाने दाखवलास आणि जरा बाजूला करून म्हणालास, "बग, बांदलं फडकं." जैतुनबी तुला ओरडली. मग तू विचारलंस, "सांगितलंस?" मी मान हलवली. "पायऱ्या किती?"

"अडतीस."

"लय न्हाईत," म्हणालास आणि मास्क परत लावलास. आपलं शेवटचं बोलणं एवढंच. आभार मानायचे होते, ते मी पुढच्या भेटीवर ठेवले. माणूस वजनकाट्यावर एवढी वर्षं काढतो, ग्रॅमचा फरक धरतो आणि नेमकं जे आज द्यायचं ते उद्यावर टाकतो.

सहा दिवसांपूर्वी सकाळी जैतुनबीचा फोन आला. दुपारच्या नमाजानंतर जनाजा. सुनंदा भिंतीला टेकून रडली. मी कपडे केले. ती म्हणाली, "तुमी जा. जैतुनबीला म्हनावं, मला उतरता येत न्हाई." मी चपला घातल्या, दारापर्यंत गेलो. समोर जिना होता. तू येणार नाहीस, भुवया वर करणार नाहीस, आणि पुढचा बुधवार नावाची सोय आता उरली नाही, हे मला तिथे उभं असताना कळलं. तुझी निम्मी पण आता माझीच. मी परत आत आलो.

"सुनंदा, जिना रिकामा होता," मी म्हणालो. "मी मागे नव्हतो. मी घरात घड्याळ बघत होतो. दस्तगीरला आकडा सांगायला."

तिने रडणं थांबवलं. "रिकामा हुता?"

"हो."

"म्हंजे मला बरोबर दिसलं हुतं."

"बरोबर दिसलं होतं."

मला वाटलं आता हातातलं काहीतरी माझ्या अंगावर येणार. ती म्हणाली, "माझ्या चपला कुटं ठेवल्यात?" आठ महिन्यांत कुणी त्या हलवल्या नव्हत्या. मी शोधून पुसून दिल्या.

ती उतरली, दस्तगीर. एक हात कठड्याला, डोळे उघडे. मी पुढे राहतो म्हणालो तर म्हणाली, मागं राहा. दर चार-पाच पायऱ्यांनी ती थांबायची, मागे वळायची आणि विचारायची, "हायसा काय?" मी म्हणायचो, आहे. वळणावर ती दोनदा वळली. अडतीस पायऱ्यांना एकोणीस मिनिटं लागली. खाली शेजाऱ्यांची जीप होती. तासगावला ती जैतुनबीजवळ जाऊन बसली आणि आम्ही तुला घेऊन गेलो. परत आलो तर आत बायकांच्यात हसू चाललेलं. सुनंदा तुझा आवाज काढून भुंग्याची गोष्ट सांगत होती आणि जैतुनबी डोळ्याला पदर लावून हसत होती. तुझ्या घरात त्या दिवशी हसणं शोभलं का, ते मला माहीत नाही. तुला चाललं असतं.

येताना जीपमध्ये तिने विचारलं, "भावजींना ठावं हुतं?"

"होतं."

"आन बोललं न्हाईत. त्यांच्याशी भांडायला पायजे हुतं." कराड आलं. मग म्हणाली, "ते ऱ्हायलं. आता त्यांच्या वाटचंबी तुमीच घ्या."

दोन दिवस ती झोपून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून दारात. म्हणाली, घरात भांडायचं नाही, शेजारी ऐकतात, खाली चला. आमच्या इमारतीमागे मोकळं पटांगण आहे. आम्ही त्याला फेरी मारली. तिने मध्येच थांबून विचारलं, "सात सेकंद म्हनता. पैल्या सेकंदाला काय करत हुता?" मी खरं सांगितलं, डब्यांकडे बघत होतो. तिने मान हलवली आणि परत फिरली. दुसऱ्या दिवशी दुसरा सेकंद. घड्याळाकडे वळलो. तिसऱ्या दिवशी तिसरा. तुझा आवाज मनात ऐकला, किती, म्हणून. यावर ती जरा हसलीसुद्धा. रोज अडतीस उतरून अडतीस चढते. काल अकरा मिनिटांत उतरली.

आज चौथा आहे. चौथ्या सेकंदाला तिने मला जिन्यातून हाक मारली होती आणि ती मला ऐकू आली होती. मी हात वर करून थांब म्हणालो होतो, तिला दिसणार नाही हे माहीत असून. हे मी तुलाही सांगितलं नव्हतं. तुझी निम्मी मी बाकीच्या सहा सेकंदांत धरतो. हा एक पूर्ण माझा आहे.

ती दारात उभी आहे. "आवं, येताय न्हवं?" म्हणते.

आलो, म्हणालो.